जावई केला तरी ऐकेना

प्रश्न : चीनचे सम्राट भटक्या टोळ्यांच्या राजांना आपल्या मुली देत, असे वाचले. एवढ्या बलाढ्य साम्राज्याने ही नामुष्की का पत्करली? आणि मुली खरोखर राजाच्या असत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तलवार आधी चालवून झाली होती. इ.स.पू. २०० मध्ये हान घराण्याचा संस्थापक गाओझू स्वतः शियोंग्नूंवर, म्हणजे चीनच्या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांवर, चालून गेला. टेहळणीहून परतलेला लोऊ जिंग म्हणाला, ‘मला फक्त म्हातारेकोतारे आणि रोडकी जनावरं दिसली. धडधाकट सगळं दडवलेलं आहे, जाऊ नका.’ सम्राटाने त्यालाच बेड्या ठोकल्या! मग आजच्या दातोंगजवळ, बाइडेंगला, शियोंग्नूंचा राजा मोदू याच्या घोडेस्वारांनी सम्राटाला सात दिवस कोंडून ठेवले. मोदूच्या राणीला गुपचूप नजराणे पोचवले, तेव्हा कुठे वाट मिळाली.

बेड्या निघाल्यावर लग्नाची युक्ती काढली ती याच लोऊ जिंगने. थोरली राजकन्या द्या, मोदू जावई होईल. उद्या नातू गादीवर आला की आजोबांशी कसा भांडेल? सम्राज्ञी ल्यूने रात्रंदिवस रडून मुलगी वाचवली. इ.स.पू. १९८ मध्ये दुसरीच एक मुलगी राजकन्या म्हणून गेली. सोबत दरवर्षी रेशीम, धान्य, मद्य. युक्ती मला तरी भाबडी वाटते. ज्या मोदूने सख्ख्या बापाला बाणांनी मारले, त्याचा मुलगा आजोळची भीड ठेवील?

रेशमाचे गणित मात्र तेवढे भाबडे नव्हते, आणि ते नेमके ओळखले एका चिनी माणसानेच. पुढे हान सम्राट वेनने चुंगहांग युए या खोजाला त्याच्या मनाविरुद्ध राजकन्येबरोबर धाडले. तो पोचताच शियोंग्नूंना फितूर झाला आणि त्यांना बजावू लागला : तुम्ही सगळे मिळून हानांच्या एका प्रांताएवढेही नाही, तुमचं बळ तुमचं खाणं-नेसणं वेगळं आहे यात आहे. रेशीम नेसून काट्याकुट्यांतून घोडा दौडवा, चिंध्या होतील; मग कळेल कातडं आणि लोकर किती बरी! चिनी वस्तूंची गोडी लागली तर तुम्ही हानांचे झालातच म्हणून समजा.

शियोंग्नूंना गोडी लागलीच, पण छापे थांबले नाहीत. शेवटी सम्राट वूने इ.स.पू. १३३ मध्ये मायी गावाच्या आमिषाने त्यांना घेरायचा बेत केला. कुरणात गुरे आहेत आणि गुराखी एकही नाही, हे पाहून त्यांचा राजा सावध झाला व माघारी फिरला. त्यानंतर जी युद्धे पेटली त्यांच्या खर्चापायी सरकारला मीठ आणि लोखंडाचा धंदाही स्वतःकडे घ्यावा लागला.