माळ्यावरची वटवाघळं, तीन मालक आणि शेजाऱ्यांची नोटीस

प्रश्न : ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमचा सासऱ्यांच्या वेळचा वाडा आहे. सासरे गेल्यावर नगर निगमात माझे यजमान, धाकटे दीर आणि नणंद अशी तिघांची नावं लागली. वाटणी झालेली नाही. माळ्यावर तुळया आणि छताच्या दगडी पटिया (फरशा) यांच्यामधल्या फटीत छोटी वटवाघळं राहतात, शंभरेक तरी असतील. शेजाऱ्यांनी वकिलामार्फत नोटीस दिली आहे : वास येतो, लेंड्या अंगणात वाहून येतात, निपाह पसरेल, पंधरा दिवसांत बंदोबस्त करा नाहीतर एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) जाऊ. भावजींनी येत्या रविवारी माणूस बोलावलाय. मिरची-गंधकाचा धूर करून लगेच फटी सिमेंटने बुजवायच्या म्हणतात. मी परवा टॉर्च लावून पाहिलं तर आत उघडी, गुलाबी पिल्लं आहेत. घरात भांडण न होता हे थांबवता येईल का?

उत्तर : ताई, थांबवता येईल, आणि रविवारच्या आधीच थांबवा. धूर केला की मोठी वटवाघळं उडून जातील. पिल्लांना अजून पंख पेलत नाहीत, ती खाली पडतील किंवा फटीत आणखी आत सरकतील. रात्री आया परत येतील तेव्हा वाट सिमेंटने बंद झालेली असेल. मग त्या खिडक्यांतून, झरोक्यांतून तुमच्या खोल्यांमध्ये शिरू पाहतील आणि पिल्लं भिंतीत कुजतील. आज शेजाऱ्यांनी वास थोडा वाढवून सांगितला असेलही, पण त्या आठवड्यात त्यांची तक्रार अक्षर न् अक्षर खरी ठरेल. शिवाय जुन्या सागवानी तुळयांखाली गंधक पेटवायचं! आगीच्या बाबतीत असा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली वेगळा गुन्हा आहे.

प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास बंदी करणारा १९६० चा कायदा पाळीव आणि रानटी असा भेद करत नाही. माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव त्यात येतो, आणि विनाकारण यातना देऊन मारणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र फार तर ५० रुपये. हे वाचून भावजी हसतील, म्हणून त्यांच्यासमोर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ठेवा.

फळं खाणारी वटवाघळं पूर्वी त्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला उपद्रवी म्हणून बसवलेली होती. ‘वटवाघळांना मारलं तर कोण विचारतो’ हा समज त्या काळचा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि उपद्रवींची ती वेगळी यादीच गेली. झाडांवर लटकणारं मोठं फलाहारी वटवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. संरक्षित जातीची शिकार कलम ९ ने बंद आहे, आणि कायद्यातल्या शिकारीत मारणं, विष घालणं, पकडणं तर येतंच, हाकून काढणंही येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ती याहून कडक आहे. तेव्हा तुमच्या माळ्यावरची जात कोणती हे न पाहता ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो औषध मारणारा असो की माझ्या वकिली व्यवसायातला कुणी. उद्याच वनमंडल अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोटो जोडून अर्ज द्या. जात ओळखून द्यावी आणि पिल्लं मोठी झाल्यावर वटवाघळांची परत येण्याची वाट बंद करण्याबाबत लेखी मार्गदर्शन करावं, एवढंच मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. रविवारी येणाऱ्या माणसाला ती पोच दाखवली तरी बहुतेक तो स्वतःच काम नाकारेल, कारण गुन्हा झाला तर हात त्याचे असतात.

आता भावजी. ते मालक आहेत, पण एकटे नाहीत. वाटणी होईपर्यंत माळा तिघांचा आहे आणि एका सहमालकाने बाकीच्यांना डावलून सामाईक इमारतीचं नुकसान होईल असं काही करायचं नसतं. त्याविरुद्ध विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३८ खाली मनाईचा दावा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. पण तुमचं स्वतःचं नाव मालकांत नाही. हा दावा तुमच्या यजमानांना किंवा वन्संना करावा लागेल. आणि खरं सांगायचं तर माझं मत दाव्याच्या विरुद्ध आहे. ज्या दिरासोबत गणपती बसवायचा त्याला वटवाघळांपायी कोर्टात उभं करू नका. भावजींना शेजाऱ्यांच्या नोटिशीची धास्ती आहे, ती आधी काढा.

ती काढता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) एसडीएम सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात, पण तो कायम करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. रानटी जीव आपणहून येऊन राहिला म्हणून घरमालक त्याचा धनी होत नाही. मात्र तुमची पन्हाळी फुटली आहे आणि तिच्यातून लेंड्या शेजारच्या अंगणात जाताहेत, ही जबाबदारी सर्वस्वी तुमची. ती याच आठवड्यात दुरुस्त करा. फटींच्या खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. लेंड्या कोरड्या झाडू नका, त्या धुळीतून फुफ्फुसांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला, मग गोळा करा. निपाहचा विषाणू मोठ्या फलाहारी वटवाघळांशी जोडलेला आहे, २०१८ ची कोझिकोडची साथ त्यातलीच. तुमच्याकडची किडे खाणारी असावीत, तरी उघड्या हाताने त्यांना कुणी शिवू नये. चावलं किंवा नख लागलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

वाट बंद करायची ती अशी. पिल्लं स्वतः उडू लागली की, म्हणजे पावसाळा सरल्यावर आणि आपल्याकडची कडक थंडी पडण्याआधी. थंडीत ती सुस्तावतात, फारशी बाहेर पडत नाहीत. पण काही जाती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं देतात, म्हणून नुसत्या महिन्यावर भरवसा ठेवू नका, त्या दिवशी पुन्हा टॉर्च लावून बघा. दोन-तीन संध्याकाळी अंगणात बसून ती नेमकी कुठून निघतात ते पाहा. अंगठ्याएवढी फटही त्यांना पुरते. बाकीच्या फटी चुन्याने भरा. मुख्य फटीवर बारीक, न अडकणारी जाळी वरून आणि बाजूंनी पक्की करा, खालून मोकळी सोडा. वटवाघूळ आतून सरपटत जाळीखालून निसटतं, परत मात्र फटीवरच येऊन बसतं आणि त्याला वाट सापडत नाही. आठवडाभर जाळी ठेवा, आत काही उरलं नाही याची खात्री करा, मगच शेवटची फट बुजवा. वनखात्याचं उत्तर हातात आल्याशिवाय जाळीही लावू नका.

भावजींची सही घ्यायला हा मजकूर पुरेल : ‘आम्ही तिघे सहमालक ठरवतो की माळ्यावरील वटवाघळांवर धूर, औषध वा सिमेंटचा प्रयोग करणार नाही. पन्हाळीची दुरुस्ती व रोजची सफाई आजपासून, आणि वाट बंद करण्याचे काम वनविभागाच्या उत्तरानुसार पावसाळ्यानंतर करू. खर्च तिघांत समान.’ वन्सं बाहेरगावी असतील तर त्यांची संमती व्हॉट्सॲपवर घ्या आणि नंतर कागदावर सही करून मागवा.

या कागदाची प्रत, वनविभागाची पोच आणि दुरुस्त पन्हाळीचा फोटो जोडून शेजाऱ्यांच्या वकिलांना पंधरा दिवसांच्या आत स्पीड पोस्टाने उत्तर पाठवा. त्यात शेजाऱ्यांना माळा पाहायला बोलवा, आणि आले तर पिल्लं त्यांनाही दाखवा.