दसऱ्याचे ऊन आणि कपाटातला हिवाळा

गणपती गावाला गेले आणि चाकरमानी मुंबईला परतले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. रेनकोट आणि प्लॅस्टिकच्या चपला मागे पडतात आणि मोबाइलवर दिसणाऱ्या 'फॉल फॅशन'विषयी विचारणा सुरू होते. गारठ्यासाठी निघालेली ही फॅशन कोकणच्या दमट हवेत करायची कशी, याच पेचाभोवती यंदाची बहुतेक पत्रे फिरणारी आहेत. ती येथे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: ताई, मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या सगळीकडे टी-शर्टवर स्वेटशर्ट आणि त्यावर उघडे जाकीट अशी पद्धत दिसते. मीही हौसेने एक स्वेटशर्ट मागवला, परंतु मारुती मंदिरच्या थांब्यावर बसची वाट पाहतानाच घामाने चिंब झाले. ऋतू बदलतानाची ही फॅशन कोकणात करताच येत नाही का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर: करता येते, मात्र ती ज्या ऋतूसाठी निघाली तो ऋतू आपल्याकडे येत नाही, हे आधी मान्य करावे लागते. युरोप-अमेरिकेत सप्टेंबर सरता सरता उन्हाळा संपतो, पानगळ लागते, सकाळ-संध्याकाळ गारठा जाणवू लागतो आणि म्हणून तेथील लोक अंगावर एकेक कपडा चढवत जातात. आपल्याकडे त्याच सुमारास नेमके उलटे घडते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघार घेतो, तीन-चार महिने डोक्यावर असलेली ढगांची सावली निघून जाते, जमीन मात्र अजून ओलीच असते, आणि त्या ओल्या जमिनीवर दसऱ्याचे ऊन पडू लागले की हवा अशी कोंदट होते की आलेला घाम अंगावरून हलायला तयार होत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो आधीच सावकाश वाळतो आणि त्यावर तुम्ही जाड स्वेटशर्टचे झाकण ठेवले होते.

तेव्हा या दिवसांत कपड्यांचे थर वाढवू नयेत, कापडाची वीण बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन खरेदी करताना कपड्याच्या माहितीत 'जीएसएम' असा आकडा दिलेला असतो, तो वाचण्याची सवय लावून घ्या. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले ते वजन असते. शर्टाचे हलके सुती कापड साधारण 100 ते 120, नेहमीचा टी-शर्ट 160 ते 180, तर अंगभर ऊब देणारा स्वेटशर्ट 280 ते 320च्या घरात जातो. 12 औंसाची जाड डेनिम 400च्या आसपास भरते, आणि ती भिजली की आपल्याकडे दोन दिवस वाळत नाही, हे तुमच्या आईला विचारून पाहा. दिवाळीपर्यंत 180च्या वरचे काही अंगावर घेऊ नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मा त्रास कमी होईल.

दुसरे पाहायचे ते सुताचे नाव. कापड हवेतला ओलावा किती धरते याची वस्त्रशास्त्रातली प्रमाण मापे आहेत: 100 ग्रॅम कोरडे सुती कापड साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा धरते, लिनन 12 ग्रॅमपर्यंत जाते, आणि पॉलिस्टर जेमतेम अर्धा ग्रॅम. पॉलिस्टरचा शर्ट घाम शोषत नाही म्हणून तो पाठीला चिकटतो, आणि दुपारनंतर त्याला जो वास येतो त्याचाही संबंध याच्याशीच आहे. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन ओलावा चांगला धरते, अंगाला मऊ लागते आणि स्वस्तही पडते. परंतु ओले झाले की कमजोर होते, म्हणून ते पिळू नये आणि दोरीवर चिमट्याने लटकवू नये.

फॅशनच्या दृष्टीने सुदैव असे, की सध्या चलनात असलेले ढगळ शर्ट, रुंद पायांच्या पँट आणि एकाच कापडाचे सैल जोडसंच आपल्या हवेला अगदी मानवणारे आहेत. कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा खेळती राहिली पाहिजे, हे त्यातले मर्म आहे. याच कारणासाठी चुणीदार विणीचे सीअरसकर कापड मला फार आवडते. त्याच्या उंचवट्यांमुळे ते अंगाला सपाट टेकतच नाही. त्याचे नाव फारसीतल्या 'शीर ओ शकर' या शब्दांवरून आले आहे. अर्थ दूध आणि साखर, म्हणजे आपल्या क्षीर-शर्करेचेच भावंड. एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, दुसरा साखरेसारखा रवाळ.

तुम्हाला फोटोतल्यासारखा थर हवाच असेल, तर आत बिनबाह्यांचा पातळ सुती टॉप घालावा, त्यावर मलमलचा किंवा खादीचा ढगळ शर्ट बटणे न लावता घ्यावा आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात. दिसते तेच, वजन निम्म्याहून कमी. स्वेटशर्ट मात्र परत करू नका. डिसेंबरमध्ये कधी कोल्हापूरला किंवा महाबळेश्वरला जाल तेव्हा त्याचे पैसे वसूल होतील.

प्रश्न: मी शिक्षिका असून सकाळी साडेसहाला स्कूटरने निघते. नोव्हेंबर लागला की जाताना दात वाजतात आणि दुपारी परतताना जीव कासावीस होतो. दिवसातून दोन ऋतू कसे सांभाळायचे? (दापोली)

उत्तर: तुमचे गाव उंचावर आहे आणि त्याला 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात ते उगाच नव्हे, खाली हर्णैला राहणाऱ्या मैत्रिणीला तुमची तक्रार कदाचित पटणारही नाही. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा आणि गार असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो दमट असतो. म्हणून तुमच्यासाठी जो वरचा कपडा हवा तो गरम असण्यापेक्षा वारा अडवणारा हवा. घट्ट विणीच्या सुती ड्रिलचा किंवा हलक्या डेनिमचा, पुढून पूर्ण बटणे असलेला, कमरेच्या थोडा खाली येणारा ओव्हरशर्ट साडीवर आणि कुर्त्यावर सारखाच शोभतो, आणि शाळेत पोचताच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकता येतो. लोकरीचा स्वेटर पर्समध्ये मावत नाही आणि वारा तर त्याच्या टाक्यांमधून सरळ आत शिरतो. गळ्याशी सुती ओढणीचे दोन वेढे घेतले की पुरे होते.

प्रश्न: दिवाळीसाठी खणाचे जाकीट शिवून घेतले. दिसायला सुरेख झाले आहे, परंतु अर्ध्या तासात काढून टाकावेसे वाटते. खण तर सुती असतो ना? (गृहिणी, चिपळूण)

उत्तर: दोष बहुधा खणाचा नसून अस्तराचा असावा. जाकीट उलटे करून पाहा. आतले कापड चमकदार, गुळगुळीत आणि बोटाला थंड लागणारे असेल, तर ते पॉलिस्टरचे आहे. शिंपी ते वापरतात कारण ते सुळसुळीत असते, जाकीट अंगात सहज सरकते आणि ते स्वस्त मिळते. बाहेरून खण, आतून प्लॅस्टिकची पिशवी, असा तो प्रकार होतो. शिलाई उसवून केंब्रिकचे सुती अस्तर लावून घ्या, मात्र लावण्यापूर्वी ते एकदा पाण्यातून काढायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि खण पुढे फुगून येईल. खणही दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नये. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागावरचा खण आणि त्याच नक्षीचे यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे कापड हल्ली शेजारी शेजारी मांडलेले असते, आणि भावातला फरक हाच पुष्कळदा त्यांच्यातला पहिला दिसणारा फरक असतो. कडेचा एखादा धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, कृत्रिम धाग्याची कडक काळी गोळी बनते.

प्रश्न: मोहरी, विटकरी, शेवाळी हे रंग सध्या फार दिसतात. माझा रंग सावळा आहे. घरात सगळ्यांचे म्हणणे असे की मी फिकेच रंग घालावेत. (वेंगुर्ले)

उत्तर: घरातल्यांना एवढेच सांगा, की आश्विनात खिडकीतून बाहेर पाहा. पिकलेल्या भाताचा पिवळा, नुकत्या पावसाने धुतलेल्या जांभ्याचा विटकरी, गडग्यावरच्या शेवाळाचा हिरवा, आणि दिवाळीनंतर सड्यावरचे गवत वाळून येते तो फिका सोनेरी, हे सगळे रंग आपल्याकडे याच दिवसांत एका नजरेत मावतात. परदेशात ते पानगळीवरून घेतले, आपल्याला उसने घ्यायचे कारणच नाही. सावळ्या वर्णावर फिका गुलाबी आणि राखाडी यांच्यापेक्षा हे मातीचे रंग कितीतरी खुलतात, असे मी अनेकींना नेसवून आणि घालून पाहिल्यावर सांगते आहे. भीती वाटत असेल तर मोहरी रंग चेहऱ्याजवळ न घेता आधी पँटमध्ये घ्या, वर पांढरा शर्ट घाला आणि आठवडाभर आरशाशी बोला.

गडद निळ्या आणि विटकरी अजरख छाप्याचा कुर्ता घेणार असाल तर पहिली तीन-चार धुणी वेगळी करा. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु मिठाचा उपयोग रंगवताना होतो. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवू शकत नाही. तो धुवून निघून जाऊ द्यावा, हेच बरे.

प्रश्न: कपाट उघडले तर मागच्या वर्षीच्या चांगल्या कपड्यांवर बुरा आणि काळे ठिपके. नवे कपडे घेण्याआधी जुने वाचवता येतील का? (मालवण)

उत्तर: हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला, कारण गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी स्वतः एक लिननचा कुर्ता घडीतून काढला, तेव्हा घडीच्या बरोबर रेषेवर करड्या बुरशीची बोटभर पट्टी उमटलेली होती. कुर्ता धुतलेला, इस्त्रीचा, न वापरलेला. चूक माझीच होती: त्याला खळ होती. खळ म्हणजे शेवटी पिष्ट, आणि दमट कपाटात पिष्ट ठेवणे म्हणजे बुरशीला आणि कसरीला पान वाढून ठेवणे. पावसाळ्यासाठी कपडे आत ठेवायचे तर बिनखळीचे, पूर्ण वाळलेले आणि सैल घडीचे ठेवावेत.

आता झालेल्या नुकसानीकडे वळू. बुरा घरात झटकू नये, त्याची भुकटी बाकीच्या कपड्यांवर बसते. अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडावा, मग कपडा गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात उलटा वाळवावा. पांढऱ्या सुती कपड्यावरचे काळे ठिपके क्लोरीनच्या ब्लीचने जातात, रंगीतावर ते वापरल्यास ठिपक्याबरोबर रंगही जाईल. रेशमी कपडा घरी धुण्याचा मोह टाळून ड्रायक्लीनिंगला द्यावा. नवरात्राआधी गोधड्या धुऊन उन्हात घालण्याची आपली रीत आहेच; त्याच दिवशी कपाटही रिकामे करावे, दारे सताड उघडी ठेवावीत, आणि ते बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढावे, कारण पावसाळाभर भिंतीने प्यायलेला ओलावा कपाटाच्या पाठीवाटेच आत येतो.

डांबराच्या गोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, थेट कापडावर नकोत. आणि त्यांच्या शेजारी कापूर तर मुळीच नको. दोन्ही एकत्र आले की पाघळतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो. एक ठेवावे किंवा दुसरे.

जाता जाता, लाल मातीच्या डागांबद्दलही तुम्ही विचारले आहे. चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झाडा, मग साबण लावा. उरलेला तांबूसपणा लोहाचा असतो, त्यावर ब्लीचचा उपयोग होत नाही. पांढऱ्या कपड्यावर लिंबाचा रस चोळून उन्हात ठेवल्यास तो उतरतो.

प्रश्न: पांढरे स्नीकर घ्यावेत की कोल्हापुरी? (कणकवली)

उत्तर: तुमच्या रस्त्याला डांबर असेल तर स्नीकर, जांभा असेल तर तपकिरी बूट. कोल्हापुरी दसऱ्यानंतर काढावी, तिचे चामडे ओले झाले की फुगते आणि मग आकार परत येत नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला पुरुषांच्या पायात घालून चालवल्या, तेव्हापासून आमच्या घरातल्या ज्या मुलाने आजोबांच्या चपलेला नाक मुरडले होते तोच ती शोधतो आहे. रुंद लिनन पँटखाली ती फार छान दिसते.

प्रश्न: आम्ही ठाण्याहून कार्तिकात सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेला येणार आहोत. रात्री दशावतारही पाहायचा आहे. मुलींना काय कपडे आणावेत ते सुचवावे.

उत्तर: या जत्रेतली भाविकांची लोटांगणे पाहायला गर्दीत उभे राहावे लागते, तेव्हा लांब घेराचे, पायात येणारे काही नको. घोट्याच्या वर संपणारी सैल सुती पँट आणि गुडघ्यापर्यंतचा हातमागाचा कुर्ता असू द्यावा, शक्यतो गडद रंगाचा, कारण बसायला मिळेल ती जमीनच असेल. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मध्यरात्रीनंतर दंव पडू लागते, केस ओले होतात, खुर्च्या ओल्या होतात आणि ठाण्याहून आलेली मुले हमखास कुडकुडतात. जाकिटे आणू नयेत, ती दिवसभर हातात वागवावी लागतील. माणशी एक जाड सुती चादर आणावी: बसताना खाली, दंव पडू लागल्यावर डोक्यावरून. राजा रंगात येईपर्यंत धाकटी झोपलेली असेल, तिच्यासाठी एक जास्तीची.