सुपरवायझरला शिवीगाळ करणाऱ्या कामगाराला लगेच कामावरून काढावे का?

चाकणजवळच्या तुमच्या कारखान्यात सुमारे ४०० कामगार आहेत, त्यांपैकी एका जुन्या कामगाराने दुसऱ्या पाळीत मशीन बंद ठेवले, जाब विचारणाऱ्या सुपरवायझरला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या, आणि मालक म्हणतात की त्याला उद्याच गेटबाहेर करा, नाहीतर राजीनामा लिहून घ्या. असा तुमचा प्रश्न आहे. मी २२ वर्षे कारखान्यांच्या पर्सोनेल विभागात काम केले आणि त्या काळात बऱ्याच खातेनिहाय चौकशा जवळून पाहिल्या. माझे उत्तर असे, की त्याला उद्या काढू नका. मात्र सुपरवायझरचा आणि जवळ उभ्या असलेल्या दोन-तीन कामगारांचा लेखी जबाब आजच घ्या, कारण आठवडा उलटला की साक्षीदारांना काही आठवत नाही, किंवा आठवले तरी ते सांगावेसे वाटत नाही.

जबाबात नेमके शब्द हवेत. ही गोष्ट मी फार महाग पडून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका आरोपपत्रात ‘आपण वरिष्ठांना अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली व आपले वर्तन नेहमीच उद्धटपणाचे असते’ असे लिहिले होते, कारण त्या शिव्या कागदावर उतरवणे मला आणि टायपिस्टलाही प्रशस्त वाटले नव्हते. कामगार न्यायालयात कामगाराच्या वकिलांनी एवढेच विचारले, की कोणते शब्द, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी ऐकले, आणि ‘नेहमीच’ म्हणजे केव्हा केव्हा. आमच्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. बचाव करायचा तो कशाचा, हेच माणसाला कळले नाही, तर ती चौकशी टिकत नाही. तेव्हापासून शिवी जशीच्या तशी, आई-बहिणीच्या उल्लेखासकट, अवतरणचिन्हांत लिहायची, असा मी दंडक घालून घेतला.

शब्दांना इतके महत्त्व का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून ध्यानात येईल. १९८४ साली वेदप्रकाश गुप्ता यांच्या प्रकरणात शिवीगाळीसाठी केलेली बडतर्फी न्यायालयाने अपराधाच्या मानाने फारच कठोर ठरवून रद्द केली. उलट २००५ साली महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या एका प्रकरणात वरिष्ठाला, एकदा नव्हे तर दोनदा, त्याच्या हाताखालच्या माणसांसमोर शिवीगाळ करणाऱ्या कामगाराची बडतर्फी कायम ठेवली. म्हणजे शिवीगाळ एवढाच शब्द पुरेसा नसून ती कोणाला, कोणासमोर, कितीदा आणि कोणत्या चिथावणीनंतर झाली, यावर शिक्षेचे माप ठरते. म्हणूनच सुपरवायझर आधी काय बोलला, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारा. शॉप फ्लोअरची भाषा आपल्याला ठाऊक आहे. तिथे पहिला शब्द बऱ्याचदा वरूनच येतो. शिवाय मशीन का बंद होते? टूल तुटले होते, ओव्हरटाइम नाकारला होता, की घरचे काही होते? याची उत्तरे कामगाराला निर्दोष ठरवतीलच असे नाही, पण मशीन बंद ठेवणे हे गैरवर्तन होते की केवळ अडचण, हा फरक त्यांवाचून कळणार नाही.

पुढची वाट तुमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, आखलेली असते. आरोपपत्र द्या आणि खुलाशासाठी पुरेशी मुदत ठेवा. खुलासा पटला नाही तर चौकशी अधिकारी नेमा, पण तो या प्रसंगाचा साक्षीदार नसावा. सूर एनॅमल कंपनीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालात चौकशीचा किमान दर्जा सांगितला आहे: आरोप स्पष्ट कळवणे, साक्षी सामान्यतः कामगारासमक्ष घेणे, उलटतपासणीची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी देणे, आणि निष्कर्ष कारणांसह लिहिणे. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा येथे लागत नाही. चौकशीचा अहवाल प्रतिकूल आला, तर १९९३ च्या ‘ईसीआयएल’ (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या) निकालानुसार शिक्षा ठरवण्यापूर्वी त्याची प्रत कामगाराला देऊन त्याचे म्हणणे मागवावे लागते, आणि नेमकी हीच पायरी घाईत सर्वाधिक वेळा विसरली जाते. शिक्षा ठरवताना त्याची मागची सेवा पाहा. १२ वर्षांत एकही मेमो नसलेला माणूस आणि तिसऱ्यांदा सापडलेला माणूस यांना एकच माप लावता येणार नाही.

तो कामावर राहिल्यास साक्षीदारांवर दबाव येईल अशी रास्त भीती असेल, तरच त्याला चौकशी होईपर्यंत निलंबित करा. त्या काळात पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार ही चौकशी सामान्यतः निलंबनापासून ९० दिवसांत संपवायची असते. आरोपपत्राचे किंवा निलंबनाच्या पत्राचे पाकीट घ्यायला त्याने नकार दिला, तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी तसा शेरा लिहा आणि तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने घरी पाठवा.

राहिला मालकांचा राजीनाम्याचा पर्याय. केबिनमध्ये बसवून, पोलिसांचे नाव काढून घेतलेला राजीनामा दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या रूपाने परत येतो, आणि मग न्यायालयात कामगाराच्या शिव्या बाजूला राहून त्या केबिनमध्ये कोण कोण बसले होते, याचीच उलटतपासणी सुरू होते.