बहलावा म्हणजे नेमकं काय? आलापालाच, म्हणजे रागाच्या संथ स्वरविस्तारालाच, ग्वाल्हेर घराण्याचे गायक बहलावा म्हणतात का?

नाही, बहलावा हा आलापीचाच एक प्रकार असला, तरी प्रत्येक आलाप म्हणजे बहलावा नव्हे. मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात वाढले आणि गाणंही तिथेच शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शब्द हिंदी 'बहलाना'मधला, म्हणजे मन रमवणं. ग्वाल्हेर गायकीत आधी बंदिशीचे, म्हणजे बांधलेल्या गीताचे, अस्ताई आणि अंतरा हे दोन भाग पूर्ण मांडतात आणि मग बहलावा सुरू होतो. तबल्याचा ठेका विलंबित, म्हणजे संथ, असला तरी फार रेंगाळणारा नसतो. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रा चालताना ऐकू येतात, आणि आकारातले, म्हणजे नुसत्या 'आ'वर गायलेले, स्वर त्या चालीवर झुलत जातात.

भूप राग घ्या. किराणा घराण्याचा गायक आधी षड्जावर, मग गंधारावर ठाण मांडून एकेका स्वराची बढत, म्हणजे विस्तार, करत जातो. बहलाव्यात तसं थांबत नाहीत. गंधारावरून पंचम, धैवत घेत तार षड्जाला जायचं आणि मींडेनं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, खाली यायचं, सगळं एका दमात. स्वर सुटे पडता कामा नयेत, आस, म्हणजे स्वराची सलग गुंज, तुटता कामा नये. आमचे गुरुजी हे शिकवताना हातानं हवेत एक लांब, वळणदार रेघ काढायचे. मी मध्येच श्वास घेतला की तो हात तिथेच थांबायचा. परत पहिल्यापासून! शब्दांत सांगून मला जे कळलं नसतं, ते त्या थांबलेल्या हातानं कळलं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहलाव्याची वाट बंदिशीतूनच निघते. अस्ताई ज्या अंगानं चालते, त्याच अंगानं तो फिरतो. म्हणून बंदिश कच्ची असेल तर बहलावा कितीही गोड लागला तरी पोकळ वाटतो. पुढे लय वाढली की याच वाटांवरून ताना निघतात. घोटून घेतलेला बहलावा तानेची अर्धी तयारी असते.

ऐकायचं असेल तर कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) आणि त्यांचे शिष्य शरच्चंद्र आरोलकर यांची ध्वनिमुद्रणं शोधा. पहिल्यांदा ऐकताना मांडीवर मात्रा मोजा. आकार मात्रांवरून कसा सरकतो आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो, तेवढंच बघा. राग कोणता, हे दुसऱ्या वेळी.