गाडीतच मुक्काम करून गुहागरचा किनारा बघायचाय? आधी एवढं करा

ताई, सांगलीहून कॅराव्हॅन घेऊन समुद्रकाठी राहायचं आणि तिथले जीव बघायचे, हा बेत फार छान आहे. मी दर हिवाळ्यात कराडहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जातो. महागडी दुर्बीण, पक्ष्यांची नावं हे सगळं नंतर. पहिल्या खेपेला भरती-ओहोटी तेवढी समजून घ्या.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी मागं सरलं की वाळूत बसा आणि पाच-दहा मिनिटं अजिबात हलू नका. बिळातून आधी देठांवरचे दोन डोळे वर येतात, मग हळूच अख्खा खेकडा. बारके खेकडे तर मुगाएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळीच घालतात!

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- फोटोसाठी कुरवांच्या थव्यात शिरतात. लांबून आलेली पाखरं दमलेली असतात, त्यांना उठवू नका.
- गाडी वाळूवर नेतात. चाक रुततंच, पण हिवाळ्यात त्याच वाळूत हातभर खाली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असू शकतात.
- रात्रभर बाहेरचा दिवा चालू ठेवतात. कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

खरकटंही बाहेर टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि तीच घरटी उकरतात. पिल्लं समुद्रात सोडताना बघायची असतील तर पोचल्या दिवशीच गावात चौकशी करून ठेवा.