कॅच घेताना बोटाचं टोक वाकलं, डॉक्टर मॅलेट फिंगर म्हणाले. पुन्हा क्रिकेट कधी?

साधारण 10 ते 12 आठवडे धरून चाला: पहिले 6 ते 8 आठवडे स्प्लिंट (बोटाचं टोक सरळ धरून ठेवणारी पट्टी) चोवीस तास, पुढचे काही आठवडे रात्री आणि खेळताना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी येतात. बॉल टोकावर आदळला की बोट सरळ करणारा स्नायुबंध तुटतो किंवा हाडाचा कपचा घेऊन सुटतो, आणि टोक सलग सरळ राहिलं तरच तो जुळतो. आंघोळीच्या वेळी स्प्लिंट निघाला आणि बोट एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. स्प्लिंट धुवायचाच तर बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवा. मधला सांधा मात्र मोकळा ठेवून हलवत राहा, नाहीतर तो आखडतो. परतताना आधी टेनिस बॉल, मग लेदर; स्लिपमध्ये लगेच उभं राहू नका. टोक थोडं झुकलेलं राहिलं तरी पकड सहसा बिघडत नाही.

एक्स-रेमध्ये हाडाचा मोठा तुकडा दिसला किंवा सांधा सरकलेला असला, तर हे वेळापत्रक लागू नाही. तेव्हा हाताच्या सर्जनलाच विचारा.