बीटाडीन, बोंबील आणि रेडिएशन : वाचकांचे प्रश्न

2011 मध्ये अपघात झालेल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या टाक्यांमधलं पाणी जपानने 24 ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडायला घेतलं, तेव्हापासून या विषयावरची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत. त्यात ठाणे-नवी मुंबईची सगळ्यात जास्त, आणि ते साहजिकच आहे म्हणा, एका अंगाला ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या, वरच्या अंगाला तारापूरचं अणुवीज केंद्र. त्यातली काही घेतोय.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की अणुभट्टीत स्फोट झाला की लगेच गळ्याला बीटाडीन चोळायचं. सासूबाईंनी मोठी बाटली आणून फ्रिजवर ठेवलीये, आयोडीनच्या गोळ्याही मागवू म्हणतायत. मागवू का? (गृहिणी, घोडबंदर रोड)

ताई, बाटली असू दे, गुडघा फुटला की कामाला येईल. हा मेसेज मार्च 2011 चा आहे, तेव्हा बीबीसीचं नाव लावून फिलिपिन्समध्ये फिरला होता आणि अजून फिरतोय. बीटाडीनमधलं आयोडीन कातडीतून इतकं कमी आत जातं की थायरॉइडला त्याचा काही उपयोग नाही, आणि कुणी अतिशहाणपणा करून ते प्यायलं तर पोटाची वाट लागेल ती वेगळीच.

गोळ्यांचं म्हणाल तर त्या खऱ्या आहेत, पण त्यांचं काम एकच. भट्टी फुटली की किरणोत्सारी आयोडीन-131 बाहेर पडतं, ते थायरॉइडमध्ये जाऊन बसतं, त्याआधीच साधं आयोडीन भरून ठेवलं की त्याला जागा मिळत नाही, बस. सीझियमसारख्या बाकीच्या किरणोत्सारी पदार्थांना ती गोळी अडवत नाही. ती घ्यायची ते सरकारने सांगितल्यावर, हवा दूषित व्हायच्या जरा आधी किंवा नंतर काही तासांतच, लहान मुलं आणि गरोदर बायका आधी. चाळिशीनंतर फायदा फारसा नाही आणि थायरॉइडचा त्रास असलेल्यांना उलट तापच. त्यामुळे सासूबाईंना आत्ता मुळीच देऊ नका.

आणि मीठ! 2011 ला चीनमध्ये लोकांनी त्यातल्या आयोडीनसाठी मिठाची दुकानं रिकामी केली होती. घरातली मिठाची पुडी बघा, आयोडीन 15 पीपीएमच्या वर असं काहीतरी छापलेलं असेल, म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका गोळीत साधारण 100 मिलिग्रॅम असतं. म्हणजे साडेसहा किलो मीठ एका बैठकीत, रेडिएशन राहिलं बाजूला, मीठच जीव घेईल.

खरी काळजी घ्यायची ती दुधाची. चेर्नोबिलची अणुभट्टी 26 एप्रिल 1986 ला फुटल्यावर आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, मुलांनी दूध प्यायलं, आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. ते दूध वेळेत थांबवलं असतं तर यातले बरेच वाचले असते. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे पहिले काही आठवडेच काय ते महत्त्वाचे. फुकुशिमाचं ते आयोडीन कधीच संपलंय, टाकीतल्या पाण्यासाठी गोळी घेण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : ते पाणी समुद्रात सोडतायत, मग सुरमई, बोंबील खायचे की नाही? आमच्याकडे रविवारी मासे बंद झालेत. (वाचक, वाशी)

चालू करा हो, उगाच घरच्यांचे हाल कशाला! तुमची मासळी येते सातपाटी, करंजा, भाऊचा धक्का इथून, म्हणजे अरबी समुद्रातली, आणि फुकुशिमा पॅसिफिकच्या काठावर. त्या पाण्यातून सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे बहुतेक काढून घेतात, ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन तेवढं निघत नाही कारण ते पाण्याचाच भाग होऊन बसलेलं असतं. मग समुद्राचं पाणी मिसळून ते लिटरला 1,500 बेकरेलच्या (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) खाली आणून सोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 10,000 आहे.

पण सगळं गोडगोड आहे असंही नाही. मे 2023 मध्ये त्या प्लांटच्या बंदरातच पकडलेल्या एका माशात किलोमागे 18,000 बेकरेल सीझियम सापडलं, जपानची खाण्याची मर्यादा 100 आहे. तो मासा बंदराच्या आतला, तिथून मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळ्या लावल्यात, आणि ती घाण 2011 ची, या पाण्याची नव्हे. तरी हा आकडा प्लांटच्या कंपनीने स्वतः जाहीर केला हे मला बरं वाटलं. आपल्या खाडीतल्या मासळीची धास्ती घ्यायचीच असेल तर सांडपाण्याची आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकलची घ्या, ती रोजची आहे.

प्रश्न : तारापूरला तसं काही झालं तर आम्ही नाशिककडे निघावं का? गाडीची टाकी कायम फुल ठेवतो. (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे पश्चिम)

काका, नाशिकला जाणारे तुम्ही एकटे नसणार. घोडबंदर रोड आणि माजिवडा एरवीच संध्याकाळी कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगू, त्यात सगळं ठाणं एकदम निघालं की उघड्यावर गाडीत चार तास बसणं आलं, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. पहिला उपाय घरात राहणं. खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारा एसी-एक्झॉस्ट बंद, टाकीत भरून ठेवलेलं पाणी वापरायचं, उघड्यावरची पालेभाजी आणि सुटं दूध नको, आणि कलेक्टर ऑफिसकडून काय येतंय ते ऐकायचं. बाहेरून आलात तर कपडे पिशवीत बांधून ठेवा आणि साबणाने आंघोळ करा, अंगावरचं बरंचसं त्यातच जातं.

तारापूर ठाण्यापासून सरळ रेषेत 75-80 किलोमीटर आहे. पहिली दोन युनिट 1969 ची, फुकुशिमाच्या जातीचीच, त्यामुळे तुमची शंका हसण्यावारी नेणार नाही. अंतराइतकाच वारा महत्त्वाचा. फुकुशिमाला 20 किलोमीटरच्या आतली माणसं हलवली, पण वायव्येला त्याच्याही पलीकडे असलेलं इताते गाव वारा आणि पाऊस एकदम आल्यामुळे जास्त दूषित झालं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे तारापूरहून जव्हार-मोखाड्याकडे जाणारा, आणि हिवाळ्यात उत्तरेचा असला तर आपल्या दिशेने. म्हणून आधी वारा कळला पाहिजे आणि मग पळायचं की नाही ते ठरवलं पाहिजे.

मला चीड येते ती इथे. जपानकडे ढग कुठे जाईल याचा अंदाज करणारं कॉम्प्युटर मॉडेल होतं, पण त्याचे नकाशे लोकांपर्यंत वेळेत पोचवलेच नाहीत, नामिए गावची माणसं त्सुशिमाला गेली आणि तिथेच ढग आला. भट्ट्या वितळल्या हे प्लांटच्या कंपनीने मान्य केलं ते मे महिन्यात, अपघात 11 मार्चचा! मग लोक फॉरवर्डवर विश्वास ठेवणार नाहीत तर काय करतील? आणि घाईघाईत हलवल्यामुळे, औषधं-उपचार तुटल्यामुळे, कॅम्पमधल्या हालांमुळे फुकुशिमा प्रांतात 2,300 हून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. रेडिएशनमुळे झालेला म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू तिथल्या एका कामगाराचा आहे, 2018 मध्ये.

प्रश्न : भाचा टोकियोहून येतोय, घरात लहान बाळ आहे. त्याला वेगळं ठेवू का? (ऐरोली)

अजिबात नको. रेडिएशन सर्दीसारखं लागत नाही, टोकियोची आजची पातळी कुठल्याही शहरासारखीच आहे. प्रवासात विमानात मिळतं ते थोडं जास्त असतं, तेही नगण्य. फुकुशिमाच्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळांमध्ये असंच चिडवलं गेलं होतं, तेवढं आपण करू नये.

प्रश्न : सोसायटीच्या फंडातून गायगर काउंटर (रेडिएशन मोजायचा मीटर) घ्यावा अशी मागणी आहे. (सेक्रेटरी, खारघर)

घ्या, पण आधी दोन-तीन महिने रोजचं रीडिंग वहीत उतरवून ठेवा, नाहीतर पहिल्यांदा टिकटिक झाली की सगळी बिल्डिंग खाली. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला तर आकडा थोडा चढतो, ते नैसर्गिक आहे. केरळात कोल्लमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत त्याहून कितीतरी जास्त असतं आणि तिथे पिढ्यानपिढ्या लोक राहतायत, आपल्या काळ्या दगडात उलट कमी. मीटर कॅलिब्रेट केलेला आहे ना ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि बॅटरी कोण बदलणार ते जनरल बॉडीतच ठरवून टाका.